दिव्यांग मुलांच्या आश्रमात सेवेला जाताय? या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात वाढदिवस असो की वर्षश्राद्ध, अनाथाश्रमात केळी पोचतातच. मी ज्या खासगी आश्रमात दर शनिवारी जातो, तिथे एकदा भर उन्हाळ्यात एकाच दिवशी तीन घरांकडून घड आले. दोन दिवसांत सगळ्या घडांवर चिलटं. निघण्याआधी एक फोन करा. बहुतेक वेळा हवे असतात डायपर, फिनाइल, फिटच्या गोळ्या. कपडे द्यायचे तर इलास्टिकची चड्डी आणि पुढून उघडणारा सदरा द्या. ज्याचा हात खांद्यावर जात नाही त्याला टी-शर्ट घालणं म्हणजे दोघांचीही कुस्ती.

सगळ्यात मोठी चूक जेवण भरवताना होते. मीही केली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या एका मुलाला मांडीवर आडवं घेऊन मी मोठ्या चमच्याने वरणभात भरवत होतो. तिसऱ्याच घासाला असा ठसका लागला की तोंड काळंनिळं झालं. आश्रमातल्या मावशींनी त्याला उचलून पुढे वाकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मान मागे टाकून तुम्ही तरी गिळू शकता का?"

तेव्हापासून शिकलो ते असं. मूल बसतं करायचं, पाठीला आधार, हनुवटी किंचित खाली. चमचा छोटा, चपटा, तोही समोरून न्यायचा. वरून नेला की मान आपोआप मागे जाते. भात मऊ कालवलेला, सुटं शीत नको. पहिला घास गिळल्याचं गळ्याकडे बघून कळतं, तोवर दुसरा नाही. पातळ पाणी काहींना सगळ्यात अवघड जातं, त्यांना थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे घट्टसर करूनच द्यायचं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका ताटाला पाऊण तास लागतो, घाई असेल त्या दिवशी भरवायला बसू नका. आणि मूल तोंड फिरवत असेल तर ते हट्टीच असेल असं नाही. दात दुखतोय का, तोंड आलंय का, ते बघायला सांगा.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काहीही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

आता खास आपल्याकडची गोष्ट. मूल उत्तर देत नाही म्हणजे त्याला समजत नाही, असा शेरा पाहुणे पटकन मारतात. पण पुस्तकी मराठी त्याच्या कानावर किती पडली असेल? कुणाच्या घरात अहिराणी, सातपुड्याकडच्या कुणाच्या घरात पावरी. एका गप्प मुलीला मी सहज अहिराणीत विचारलं, "तुनं नाव काय शे?" तर तिने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा व्हीलचेअर उन्हात ठेवू नका. लोखंडी दांडा चटका देतो, आणि ज्याला बोलता येत नाही तो तहानही सांगत नाही.

फोटोचा मोह आवरा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाचं स्टेटस घरच्या केकवर भागवा.

संस्था खासगी आहे म्हणून संकोचू नका, नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. त्याच कायद्याने बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे. कागद दाखवायला टाळाटाळ करत असतील, किंवा मुलं बांधून ठेवलेली दिसली, तर वाद घालत बसू नका. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा.

राहिलं निघतानाचं. "उद्या येतो हं" म्हणून गाडीला किक मारणारे पुष्कळ. महिन्यातून एकच दिवस जमत असेल तर तेवढाच सांगा आणि तो मोडू नका. ठसका लागलेला तो मुलगा आता माझा शनिवार ओळखतो. दहा मिनिटं उशीर झाला की फाटकापर्यंत आवाज येतो, ताटावर चमचा आपटल्याचा.