गोल लाथ आणि दुखरा गुडघा

तायक्वांदोत जिला 'दोल्यो चागी' आणि कराटेत 'मावाशी गेरी' म्हणतात, ती बाजूने फिरवून मारायची गोल लाथ शिकताना माझ्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूस महिनाभर कळ येत होती. गंमत अशी की लाथ मी उजव्या पायाने मारत होतो. स्पर्धेत धडावरील लाथेला 2, तर डोक्यावरील लाथेला 3 गुण मिळतात, म्हणून मी केवळ उंचीच्या मागे लागलो होतो.

सोलापुरातील घराच्या गच्चीवर अनवाणी सराव करताना मोबाइलवर चित्रीकरण केले, तेव्हा चूक दिसली. कंबर गर्रकन फिरत होती, परंतु टेकलेला पाय खडबडीत कोब्याला चिकटून जागीच राहत होता आणि मधला सगळा पीळ गुडघा सोसत होता. (एप्रिलच्या दुपारी त्याच गच्चीवर पाय आपोआप वळला असता, तो भाग वेगळा.)

मग खोलीतल्या शहाबादी फरशीवर जुना सोलापुरी टॉवेल पसरून, त्यावर डावा चवडा टेकवून, टाच किंचित उचलून, आधी उजवा गुडघा वर घ्यायचा आणि लाथ उलगडताना डावी टाच लक्ष्याकडे वळवायची, हा क्रम मी भिंतीला हात लावून संथपणे घोटला. पाय नीट वळला की टॉवेलवर भोवऱ्यासारखी चुणी उमटते. ती नसली तर पाय वळलाच नाही, असे समजावे. टॉवेलवर उभे राहून जोरात लाथ मात्र मारू नये, कारण घसरण्याचा धोका असतो.

तिसऱ्या आठवड्यात कळ थांबली. पॅडवर पूर्वी 'थप्' असा येणारा आवाज आता 'फट्' असा येतो.