साउंडच्या कामात नवीन? आधी डीआय बॉक्स हाताळायला शिका

साउंडच्या कामाला नुकती लागलेली मुलं-मुली मला विचारतात, "ताई, आधी काय शिकू? ईक्यू, कॉम्प्रेसर, की डिजिटल मिक्सर?" मी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) बॉक्स सांगते, म्हणजे वाद्याची वायर आणि मिक्सर यांच्या मध्ये लागणारा छोटा डबा. एखाद्या मराठी ऑर्केस्ट्राची किंवा भावगीतांच्या कार्यक्रमाची इनपुट लिस्ट समोर घ्या, म्हणजे कारण दिसेल. गायक, तबला, ढोलकी, हार्मोनियम, बासरी यांना माइक लागतात. पण दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेस गिटार, ॲकॉस्टिक गिटार, ट्रॅक वाजवणारा लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचा आवाज आपल्याकडे वायरीतूनच येतो. म्हणजे जवळपास अर्धा कार्यक्रम या लहानशा डब्यांतून जातो. तिथे जे हरवलं, ते पुढे कितीही महागडा मिक्सर असला तरी परत मिळत नाही.

काम समजायला सोपं आहे. गिटारची किंवा कीबोर्डची पी-३८ पिनची (पाव इंची जॅकची) कॉर्ड अनबॅलन्स्ड असते, आत सिग्नलची एक तार आणि भोवती जाळी. पाच-सहा मीटरपर्यंत ती ठीक चालते. मैदानातल्या कार्यक्रमात स्टेजपासून मिक्सर ३०-४० मीटर लांब असतो, आणि वाटेत लाइटवाल्यांचे डिमर आणि पॉवरच्या केबल पसरलेल्या असतात. त्यांचा सगळा कचरा ती तार उचलते. डीआय हा सिग्नल बॅलन्स्ड करून तीन पिनांच्या कॅनन (एक्सएलआर) केबलवर देतो: तोच सिग्नल २ नंबरच्या पिनवर सुलटा, ३ नंबरवर उलटा. वाटेतला कचरा दोन्ही तारांवर सारखाच चढतो. मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे कचरा कटतो आणि वाद्य उरतं.

दुसरं काम इम्पीडन्सचं, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विजेच्या अडथळ्याचं, आणि नवशिके नेमके इथे घाई करतात. मिक्सरचा माइक इनपुट साधारण दीड ते तीन किलोओमचा असतो. साध्या, बॅटरी नसलेल्या बेस गिटारचा पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) थेट त्याला जोडला, तर पिकअपवर इतका भार पडतो की वरचे सूर दबतात. तारेवर बोट पडल्याचा टणत्कार जातो आणि नुसती गुरगुर उरते. मग माणूस मिक्सरवर ट्रेबल वाढवत बसतो आणि त्याबरोबर हिसही वाढवतो. पिकअपला समोर मोठा इम्पीडन्स दिसायला हवा, आणि डीआय तो दाखवतो.

डीआयचे प्रकार दोन. पॅसिव्हमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वीज लागत नाही. रेडियलच्या जेडीआयमध्ये जेन्सन कंपनीचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याचा इनपुट सुमारे १४० किलोओमचा. अशा ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर साधारण १२ ला १ असतं, म्हणून सिग्नल २१-२२ डेसिबलने खाली येतो आणि बरोबर माइकच्या पातळीला बसतो. ॲक्टिव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (माइकच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं.

कुठे कुठला लावायचा, याचा ठोकताळा असा: वाद्यात बॅटरी असेल किंवा त्याला प्लग लावावा लागत असेल, तर पॅसिव्ह डीआय. यातलं काहीच नसेल, तर ॲक्टिव्ह. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉप यांचा सिग्नल आधीच दमदार असतो. त्यात पॅसिव्ह डीआयचा ट्रान्सफॉर्मर वाद्य आणि मिक्सर यांचं विजेचं थेट नातंच तोडतो, त्याचा फायदा पुढे हमच्या (सतत घुमणाऱ्या घरघरीच्या) वेळी कळेल. ॲकॉस्टिक गिटारच्या कडेला व्हॉल्यूम-ईक्यूचं छोटं पॅनेल दिसलं तर आत प्रीॲम्प आणि बॅटरी आहे, तिलाही पॅसिव्ह चालतो.

हा ठोकताळा पिएझो पिकअपपाशी पुरत नाही, म्हणून तिथे थोडं थांबू. व्हायोलिनच्या घोडीला, मॅन्डोलिनला किंवा सतारीला चिकटवलेला छोटा चकतीसारखा पिकअप बहुधा पिएझो असतो. तो कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे त्याचं नुकसान चुंबकी पिकअपच्या नेमकं उलटं होतं. भार पडला की तळाचे सूर जातात. हिशोब करून बघा. १००० पिकोफॅरडचा पिएझो १४० किलोओमच्या पॅसिव्ह डीआयला लावला, तर साधारण ११०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. व्हायोलिनचा खर्ज आणि मध्य सप्तक दोन्ही त्याच्या खाली! कानाला ऐकू येते ती बारीक, करकरीत चिरचिर. व्हायोलिनवादक बिचारे म्हणतात, "माझं वाद्य असं नाही हो वाजत," आणि त्यांचं बरोबर असतं. तोच पिकअप १ मेगाओमला लावला तर ही सीमा १६० हर्ट्झवर येते, १० मेगाओमला लावला तर १६ हर्ट्झवर.

म्हणून ॲक्टिव्ह डीआय घेतानासुद्धा इनपुट इम्पीडन्सचा आकडा वाचा. रेडियलचा जे४८ उत्तम ॲक्टिव्ह डीआय आहे, पण त्याचा इनपुट २२० किलोओमचा. बेसला तो छान, उघड्या पिएझोला अपुरा. बीएसएसचा एआर-१३३ १ मेगाओमचा आहे. कंट्रीमनचा टाइप ८५ १० मेगाओमचा, आणि पिएझोसाठी त्याचं नाव आदराने घेतलं जातं ते या आकड्यामुळे. हे डबे जवळ नसतील तर वादकाला पिएझोसाठी बनवलेला छोटा प्रीॲम्प घ्यायला सांगा आणि त्याच्यापुढे तुमचा साधा डीआय लावा.

आपल्याकडचं एक वाद्य इथे आवर्जून सांगायला हवं: बेंजो. मुंबई-कोकणातल्या मिरवणुका गाजवणारा हा विजेवरचा बुलबुल तरंग आता स्टेजवरही येतो. त्याला पिकअप असतो, आणि वादक बहुतेकदा एको किंवा इफेक्टमधून आपला आवाज घडवून आणतो. डीआय त्या इफेक्टनंतर लावा. आधी लावलात तर वादकाने वर्षानुवर्षं घडवलेला सूर बाजूला पडतो आणि कोरडी तार तेवढी लोकांपर्यंत जाते. वादकाचा स्वतःचा ॲम्प असेल तर डीआयच्या थ्रू जॅकमधून त्याला सिग्नल द्या आणि ॲम्पसमोर एक माइकही ठेवा. थ्रू जॅक इनपुटला सरळ जोडलेला असतो, त्यामुळे वादकाला सवयीचा आवाज कानाशी मिळतो आणि तो मोकळेपणी वाजवतो. ॲम्पच्या स्पीकर आउटपुटमधून मात्र साध्या डीआयला कधीही सिग्नल देऊ नका. काही डब्यांवर स्पीकर लेव्हलची सोय असते, पण तेव्हाही ॲम्पला स्पीकर जोडलेलाच हवा. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर जळू शकतो.

आता हम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हम ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास घुमतो. कीबोर्डची पॉवर डेकोरेटरच्या बोर्डवरून आली आणि मिक्सरची हॉलच्या भिंतीवरून, तर दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहू लागतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण तेवढाच रस्ता तोडतं. बटण दाबून बघा, हम गेला तर तसंच ठेवा, नाहीतर परत मागे घ्या. त्याहून चांगलं म्हणजे सकाळीच डेकोरेटरशी बोलून स्टेजवरची वाद्यं आणि मिक्सर एकाच ठिकाणच्या पॉवरवर घेणं. हम घालवण्यासाठी थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला, तर तो माणूस कितीही जुना-जाणता असो, ऐकू नका. एका हातात गिटारची तार आणि ओठांशी माइक असलेल्या गायकाच्या अंगातून २३० व्होल्ट जाऊ शकतात.

प्रत्येक घरघर ग्राउंडची नसते. वादकाला जागेवरच हळूहळू वळायला सांगा. वळल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर गिटारचा पिकअपच हवेतून लाइटचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा त्रास पकडतोय. तिथे कुठलाही डीआय उपयोगाचा नाही, वादकाला दोन पावलं सरकवणं उपयोगाचं. लॅपटॉपमधून बारीक किरकिर येत असेल तर क्षणभर चार्जर काढा. किरकिर थांबली की दोषी सापडला, मग पॅसिव्ह डीआय आणि ग्राउंड लिफ्ट.

मोबाइलमधला तानपुरा किंवा ट्रॅक घेताना केबलकडे नीट बघा. हेडफोनच्या जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. तो स्टिरिओ जॅक सरळ कॅनन केबलला जोडून मिक्सरच्या माइक इनपुटला दिला, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. ट्रॅकमधला बेस जातो, मध्यावर ठेवलेला आवाज जातो, मागची रिव्हर्ब तेवढी राहते. स्टिरिओमधून दोन पी-३८ निघणारी केबल आणि दोन चॅनेलचा डीआय लागतो. कीबोर्डच्या बाबतीत, एकाच चॅनेलवर घ्यायचा असेल तर 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकमधून घ्या आणि 'आर' जॅक रिकामा ठेवा. तिथे काही खोचलं असेल तर एल जॅकमधून फक्त डावी बाजू येते.

लेव्हल लावताना वादकाला अदबीने सांगा, "दादा, कार्यक्रमभर जिथे ठेवणार तिथे व्हॉल्यूम ठेवा आणि तुमचा सगळ्यात मोठा टोन वाजवा." ऑक्टोपॅडवर तर ढोल किंवा किकचा पॅच मुद्दाम मागून घ्या. डीआयमध्ये आवाज तिथे फाटतो, आणि मग मिक्सरवर गेन कमी करून काही होत नाही, कारण आवाज डब्यातच फाटलेला असतो. डीआयवरचं 'पॅड' लिहिलेलं, येणारा सिग्नल कमी करणारं बटण त्यासाठीच आहे. स्वस्त पॅसिव्ह डीआयची परीक्षाही याच वाद्यावर होते. लहान ट्रान्सफॉर्मर तळाच्या जोरदार ठोक्याला गुदमरतो आणि ढोल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट थोडी बदलते. घरच्या ऑडिओ इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण म्हणजे आतला डीआयच, बहुधा १ मेगाओमच्या आसपासचा. जवळ बसून बेस किंवा गिटार रेकॉर्ड करायला वेगळा डबा लागत नाही, बटण मात्र आठवणीने दाबा. थेट घेतलेला आवाज दुय्यम असतो, हा समज सोडून द्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत इंजिनिअर एड वुलफ्रम यांनी डीआय बनवले आणि तिथला बेस त्यांतून थेट टेपवर जाऊ लागला. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत इंजिनिअर केन टाउनसेंड यांनीही असाच डबा तयार केला. जगभरच्या लोकांनी ज्या बेसवर जीव टाकला, त्यातला बराचसा माइकविना आलेला आहे.

इलेक्ट्रिक गिटार घेताना ॲम्पसमोरच्या माइकबरोबर डीआयचा कोरडा ट्रॅकही घेऊन ठेवा. पुढे तोच ट्रॅक रीॲम्प बॉक्समधून दुसऱ्या ॲम्पला देता येतो, वादकाला परत बोलवावं लागत नाही. पण दोन्ही एकत्र वाजवताना वेळ जुळवा. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाज डीआयपेक्षा सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ४२ सॅम्पल. तेवढ्यानेही ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि गिटार पोकळ वाटते. डीआयचा ट्रॅक तेवढाच उशिरा सुरू होईल असा सरकवा, मग पोलॅरिटी उलट-सुलट करून जे भरीव वाटेल ते ठेवा. ॲकॉस्टिक गिटार किंवा सतारीसाठी स्टुडिओत माझी पसंती कायम माइकलाच. लाकडाचा आवाज पिएझोला पूर्ण कळत नाही.

पहिली खरेदी म्हणून मी दोन चॅनेलचा एक बरा पॅसिव्ह आणि ९ व्होल्ट व फँटम दोन्हींवर चालणारा एक ॲक्टिव्ह सुचवेन. बजेट कमी असेल तर बेरिंजरचा डीआय१०० सुरुवातीला पुरतो. सोल्डरिंग शिका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जॅक, कॅनन पिना, स्विच सगळं मिळतं. स्वतः एक पॅसिव्ह डबा जुळवलात की आतली वायर अन् वायर पाठ होते, आणि पुढे ऐन कार्यक्रमात डबा मुका झाला तर कुठे बघायचं ते हातालाच कळतं.

नोकरीसाठी भाड्याने साउंड देणाऱ्या कंपनीत स्टेजवरचं काम मागून घ्या. मिक्सरपाशी उभं राहायला सगळेच उत्सुक असतात, स्टेजवर मात्र हात कमी पडतात. वादक तिथे भेटतात, त्यांना तुम्ही लक्षात राहता, आणि पुढच्या कार्यक्रमाला ते नाव घेऊन बोलावतात. काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. चॅनेल म्यूट असल्याशिवाय कॉर्ड काढायची-घालायची नाही. फँटम चालू-बंद करण्याआधीही म्यूट. प्रत्येक डीआयवर टेप लावून वाद्याचं नाव आणि चॅनेल नंबर लिहायचा. गुंडाळताना लिफ्ट आणि पॅडची बटणं मूळ जागी आणायची, बॅटरी काढून वेगळ्या पिशवीत ठेवायची, आणि ज्या डब्याने कार्यक्रमात कुरकुर केली त्याच्यावर लाल टेप लावून तो पेटीत सगळ्यात वर ठेवायचा, म्हणजे गोदामात पोचल्यावर आधी तोच उघडला जातो.