पावसाळाभर पडून राहिलेली चेनसॉ सुरू होत नसेल तर

दोरी ओढून खांदा दुखवण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरतं, आणि ते उडून गेलं की कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर उरतो. वास घेऊन बघा, वॉर्निशसारखा आंबूस येतो. ताजं मिश्रण करा: बहुतेक मशीनना लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, तरी पुस्तिका पाहाच.

मग स्विच बंद, चेनब्रेक (साखळी थांबवणारा ब्रेक) लावलेला, आणि चार-पाचदा दोरी ओढून स्पार्क प्लग उघडा. टोक ओलं असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, तो बाहेर असतानाच दोरी पाच-सहा वेळा ओढा. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून काढा आणि सरळ नवा बसवा.