दुकानात वाजतो, घरी मुका: होम थिएटरचा बिघाड घरीच शोधा

दिवाळीच्या रंगरंगोटीत शेजारच्या काकाजींचं टीव्हीचं कपाट हललं, वायरी निघाल्या, पोरांनी पुन्हा लावल्या. चित्र आलं, पण होम थिएटर चूप. काकाजींनी होम थिएटरचा डबा पोत्यात गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि तालुक्याला नेला. दुकानदारानं पेनड्राइव्ह लावला, तर दणक्यात वाजला. घरी आणला, पुन्हा तेच. "तिथं तं मस्त वाजला गा, घरी आणला का मुका!"

यात नवल काहीच नाही. दुकानात गेला तो फक्त डबा. वायर, टीव्ही, डिशची छत्री, अर्थिंग आणि आपल्या डीपीचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज घरीच राहिलं. बिघाड बहुतेक वेळा त्यातच असतो, म्हणून शोधायचाही घरीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार वायरी एकदम उपटल्या तर नेमकं कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पोतं.

आधी लाईन पाहा

उन्हाळ्यात संध्याकाळी गावभर कुलर लागले की व्होल्टेज पडतं. टीव्ही तरी चालत राहतो, कारण बऱ्याच टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. स्वस्त होम थिएटरमध्ये मात्र जुन्या पद्धतीचा वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला २३०च्या आसपासच लागतं. कमी मिळालं की तो फाटका आवाज काढतो नाहीतर आपोआप बंद पडतो. सकाळी नीट वाजणारा डबा संध्याकाळी रुसत असेल, तर मेकॅनिक नको, स्टॅबिलायझर पाहा.

मग बिघाडाचे दोन तुकडे करा

दुकानदारानं केलं तेच घरी करा. पेनड्राइव्ह लावा किंवा मोबाइलचं ब्लूटूथ जोडा. गाणं वाजलं तर डबा आणि स्पीकर ठीक, दोष टीव्हीपासून डब्यापर्यंतच्या वाटेत. नाही वाजलं तर दोष डब्यात, स्पीकरमध्ये किंवा त्यांच्या वायरींत. या एका परीक्षेनं अर्धं काम होतं.

रिमोट दाबून काहीच होत नसेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा उजेड बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर लुकलुकताना दिसतो. नाही दिसला तर सेल बदला.

टीव्ही ते डबा: खरी गोम इथं

लाल-पांढरी पिन असेल तर टीव्हीच्या मागे तिच्या भोकाजवळ काय लिहिलंय ते टॉर्च लावून वाचा. काकाजींच्या घरी हेच झालं होतं. नव्या टीव्हीवरची पिवळी-पांढरी-लाल भोकं बहुधा 'इन' असतात, म्हणजे बाहेरचा आवाज टीव्हीत घेण्यासाठी. तिथं होम थिएटरची वायर खोचली तर जन्मभर आवाज येणार नाही. 'ऑडिओ आउट' लिहिलेलं भोक शोधा. नसेल तर हेडफोनचं भोक वापरा, त्यासाठी एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी वायर मिळते. डब्यावर रिमोटनं 'ऑक्स', म्हणजे वायरीनं येणारा आवाज, निवडायला विसरू नका. पेनड्राइव्ह काढल्यावर डबा 'यूएसबी'वरच अडकून बसलेला असतो.

एचडीएमआय वायर असेल तर ती कोणत्याही भोकात चालत नाही. टीव्हीवर ज्याच्यापाशी 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं डब्याकडे पाठवायची सोय) लिहिलंय तेच भोक, आणि डब्यावरही 'एआरसी' लिहिलेलंच. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेर पाठवण्याचा पर्याय 'एआरसी'वर न्या आणि 'सीईसी', म्हणजे त्या वायरीतून टीव्ही आणि डब्यानं एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. 'सीईसी'ला प्रत्येक कंपनीनं आपापलं नाव दिलंय, त्यामुळे सेटिंगमध्ये थोडं हुडकावं लागेल.

ऑप्टिकल, म्हणजे उजेडानं आवाज नेणाऱ्या वायरीचं टोक टीव्हीत लावा आणि दुसरं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका पडला तर टीव्ही आवाज पाठवतोय. नवी वायर असेल तर टोकावरचं बारीक प्लास्टिकचं टोपण काढलंय ना, ते बघा. मी स्वतः ते न काढता पाऊण तास झटलो होतो.

एचडीएमआय किंवा ऑप्टिकल नीट लागूनही काही चॅनेलवर आवाज येतो आणि काहींवर नाही, तर टीव्हीत डिजिटल आवाजाचा प्रकार 'पीसीएम', म्हणजे साधा, न दाबलेला आवाज, करा. डॉल्बी पद्धतीनं दाबून पाठवलेला आवाज प्रत्येक डब्याला उलगडता येत नाही.

स्पीकर आणि उंदीर

सोयाबीन-तुरीची पोती घरात आली की मागोमाग उंदीर येतात. पलंगामागून गेलेली वायर पूर्ण लांबीनं बोटांतून फिरवा, कुरतडलेली जागा हाताला लागते. त्याआधी डब्याचा प्लग मात्र काढा.

एकच स्पीकर बंद असेल तर त्याची वायर चालू स्पीकरच्या जागी लावून पाहा. तिथंही मुका राहिला तर खात्री करायला घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरची वायर डब्यातून काढा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला तर स्पीकर जिवंत. पडदा बाहेर सरकला तर सेलच्या टोपीकडचं, म्हणजे प्लसचं टोक स्पीकरच्या प्लसला जातंय. आत गेला तर उलटं. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तरी आवाज येतो, पण बास बसल्यासारखा, पोकळ वाटतो. लाल-काळ्या क्लिपमध्ये वायर लावताना तांब्याची एकही तार शेजारच्या क्लिपला शिवू देऊ नका.

घूं... असा सूर

गाणं बंद, तरी एकसारखी घूं चालू. अशा वेळी सेट-टॉप बॉक्समागची छत्रीची केबल काढा. सूर थांबला तर स्लॅबवरची छत्री आणि घरचं अर्थिंग यांच्यात वीज चोरवाट काढून फिरतेय. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात बादलीभर पाणी ओता, दुसऱ्या दिवशी ऐका. डबा आणि टीव्ही एकाच बोर्डावर घेऊनही फरक पडतो. काही जण प्लगची जाड तिसरी पिनच मोडतात. सूर जातो खरा, पण मग डब्याला हात लावताना जिवाशी खेळ असतो. ते करू नका.

चित्राचं थोडक्यात

'नो सिग्नल' आलं तर टीव्हीवर बरोबर एचडीएमआय नंबर निवडलाय का पाहा, मग वायर दुसऱ्या भोकात लावा. चित्राचे चौकोन-चौकोन होत असतील तर दोष छत्रीच्या सिग्नलचा, होम थिएटरच्या वायरींना हात लावू नका. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, असं ब्लूटूथवर होतं. वायर लावा. मृगाचा गडगडाट सुरू होण्याआधीच मात्र प्लगसोबत छत्रीची केबलही काढून ठेवा, वीज त्या वाटेनंही घरात शिरते.

इतकं करूनही तालुक्याला न्यायचाच झाला, तर डब्यासोबत रिमोट, घरी लावता तीच वायर आणि टीव्हीच्या पाठीमागचा मोबाइलवर काढलेला फोटो न्या. काकाजींनी फोटो नेला असता तर दुकानदारानं 'इन' तिथंच वाचलं असतं.