कॉम्प्युटरवर मेल येत नाहीत? अकाउंट डिलीट करण्याआधी हे बघा

घरच्या कॉम्प्युटरवर मेल येईनासे झाले की कोणीतरी हमखास सांगतं, "अकाउंट काढून टाक आणि परत जोड." या सल्ल्यापायी लोकांचे वर्षानुवर्षांचे मेल कायमचे गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून पहिलं बजावणं हेच: मेल वाचायचा प्रोग्रॅम आउटलुक असो की थंडरबर्ड, त्यातलं काहीही काढू नका. प्रोग्रॅम सरळ बंद करा.

आता ब्राउझर उघडून मेलमध्ये लॉगिन करा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवा. तो ब्राउझरमध्ये दिसला, तर बिघाड तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. नाही दिसला, तर कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही, खातं तपासायचं.

ब्राउझरमध्येही नाही

स्पॅम बघा. मग जागा बघा. जीमेलची मोफत 15 जीबी एकट्या मेलसाठी नसते. ड्राइव्ह आणि फोटो त्याच जागेत असतात. 1 जून 2021 नंतर गूगल फोटोजवर चढवलेला जवळजवळ प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच जातो. त्यामुळे "मी तर मेल फारसे वापरतच नाही" म्हणणाऱ्यांचंही खातं भरतं. भरलं की नवा मेल आत न येता पाठवणाऱ्याकडे परत जातो, म्हणून ज्या पत्त्यावरून मेल पाठवलात तिथे 'पोचला नाही' असा निरोप आलाय का बघा.

जागा करायची तर जीमेलच्या सर्चमधून 10 एमबीहून मोठे मेल शोधून नको ते उडवा आणि ट्रॅशही रिकामा करा. तो तसाच ठेवलात तर ते मेल आणखी 30 दिवस जागा अडवून बसतील. परत गेलेले मेल मात्र जागा झाल्यावर आपोआप येत नाहीत. बँक, विमा कंपनी, शाळा, ज्याचं महत्त्वाचं असेल त्यांना पुन्हा पाठवायला सांगा.

जागा असूनही मेल नाही, तर सेटिंग्जमध्ये फिल्टर, ब्लॉक केलेले पत्ते आणि फॉरवर्डिंग (आलेले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) पाहा. फॉरवर्डिंगमध्ये तुमच्या ओळखीचा नसलेला पत्ता दिसला, तर कोणीतरी खात्यात शिरलं आहे. तो पत्ता काढा, पासवर्ड ताबडतोब बदला आणि लॉगिन असलेली अनोळखी उपकरणं बाहेर काढा.

ब्राउझरमध्ये आहे, प्रोग्रॅममध्ये नाही

प्रोग्रॅमला इंटरनेटपासून तोडणारं 'वर्क ऑफलाइन' चुकून दाबलं गेलंय का बघा.

घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. मग सर्व्हरचं, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरचं, ओळख पटवणारं प्रमाणपत्र तुमच्या कॉम्प्युटरला अवैध वाटतं आणि जोडणीच होत नाही. सेल स्वस्त असतो, बदलून टाका.

मग खातं पॉप आहे की आयमॅप ते अकाउंट सेटिंग्जमध्ये पाहा. सर्व्हरवरून मेल आणायच्या या दोन पद्धती. तिथे मेल आणणाऱ्या सर्व्हरचा पोर्ट क्रमांक 995 असेल तर पॉप, 993 असेल तर आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतात. पॉपमध्ये ते कॉम्प्युटरवर उतरतात आणि सर्व्हरवरची प्रत अनेकदा पुसली जाते. म्हणजे पॉपचं अकाउंट फायलींसकट काढलंत तर मेल दुसरीकडे कुठेही नसतात. म्हणून पॉप असेल तर पुढे जाण्याआधी मेल ज्यात साठवलेले असतात ती आउटलुकची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी करताना प्रोग्रॅम बंद हवा.

पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतोय

खरी डोकेदुखी ही. ब्राउझरमध्ये ज्या पासवर्डने लॉगिन होतं, तोच प्रोग्रॅम नाकारतो. माझ्या कित्येक संध्याकाळी यात गेल्या आहेत, म्हणून ठासून सांगतो: पासवर्ड बदलत बसू नका, दोष पासवर्डचा नाही.

पूर्वी प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड जवळ ठेवायचा आणि दर वेळी सर्व्हरला तोच द्यायचा. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने 30 मे 2022 पासून ही पद्धत मोडीत काढली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलसाठी 16 सप्टेंबर 2024 ला तेच केलं. आता प्रोग्रॅम एक खिडकी उघडतो, तुम्ही त्या कंपनीच्याच पानावर लॉगिन करता आणि प्रोग्रॅमच्या हाती पासवर्डऐवजी फक्त परवानगी येते. या पद्धतीला ओऑथ2 म्हणतात. जुनी पद्धत चालू ठेवण्यासाठी 'लेस सिक्युअर ॲप्स चालू करा' असा सल्ला अजूनही फिरतो. वैयक्तिक जीमेलमध्ये ते बटणच आता उरलेलं नाही, त्याच्या शोधात वेळ घालवू नका.

थंडरबर्डमध्ये क्रम पाळा. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशनची (ओळख पटवायची) पद्धत ओऑथ2 करा. नुसतं एवढं करून पुष्कळ जण थांबतात आणि पासवर्डची चौकट पुन्हा समोर येते, कारण जुना पासवर्ड आत साठवलेला असतो. प्रायव्हसीच्या पानावर साठवलेल्या पासवर्डच्या यादीतून त्या सर्व्हरच्या सगळ्या जुन्या नोंदी काढा. त्याच पानावर कुकीज स्वीकारण्याची खूण असायलाच हवी, नाहीतर लॉगिनची खिडकी कोरी राहते किंवा अर्ध्यावर अडकते. हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून उघडा आणि त्या खिडकीत लॉगिन करा. शेवटी आउटगोइंग (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरलाही ओऑथ2 करा. त्याची सेटिंग वेगळी असते आणि ती राहिली की मेल येतात पण जात नाहीत.

प्रोग्रॅम जुना असेल, उदाहरणार्थ आउटलुक 2010, तर त्याला ही पद्धत येत नाही. जीमेलसाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करून अशा प्रोग्रॅमसाठी वेगळा 16 अक्षरी ॲप पासवर्ड घेता येतो, पण मुख्य पासवर्ड बदललात की तो रद्द होतो आणि पुन्हा नवा घ्यावा लागतो. हॉटमेलला ही पळवाटही नाही. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या आउटलुकशी झगडू नका, थंडरबर्ड मोफत आहे, ते घ्या. जुना प्रोग्रॅम मात्र त्यातले मेल नव्या ठिकाणी आल्याची खात्री होईपर्यंत ठेवा.

आणि काहीही झालं तरी इंटरनेटवर 'जीमेल कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. मोफत जीमेल खात्यासाठी गूगल फोनवर मदत देत नाही. फोन उचलणारा तुम्हाला स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगेल आणि त्याची नजर तुमच्या बँक खात्यावर असेल. असा फोन झालाच असेल आणि पैसे गेले असतील, तर मेलचं नंतर बघा. आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवून खातं गोठवा.