मगावर फोटो छापायचाय? आकडे नंतर, आधी दाब बघा

सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने चित्र मगावर उतरवण्याच्या पद्धतीचा प्रिंटर, शाई, कागद आणि मगाला तापवून दाबणारं मशीन, म्हणजे मग प्रेस, घरात आहे असं धरून चालतो. छपाईचा मग मात्र कोटिंगचाच लागतो. शाई तापली की तिची थेट वाफ होते आणि ती मगावरच्या पॉलिमरच्या थरात शिरते. भांड्यांच्या दुकानातल्या साध्या मगाला तो थरच नसतो, मग शिरणार कुठे? पांढरी शाई या प्रकारात नसते, त्यामुळे गडद मगाचा हट्ट धरणाऱ्याला आधीच नाही म्हणून मोकळे व्हा.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो फुटतो. 11 औंसाच्या नेहमीच्या मगाला साधारण 20 बाय 9 सेंटिमीटरचं चित्र बसतं. मजकूर असेल तर जोडाक्षरं स्वतः वाचून घ्या. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला आईसाठी ‘मन्ही माय’ (अहिराणीत ‘माझी आई’) लिहिलेला मग हवा असतो. त्यातला ‘न्ह’ फुटून ‘न् ह’ झाला, तर तो मग तुमच्याच घरी चहाला लागेल. फॉन्ट कर्व्हमध्ये बदला, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि ती फुटत नाहीत, आणि प्रिंट मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी काढा. कागदावरची अक्षरं सरळ वाचता आली तर तो कागद बाद.

कागद मगाभोवती घट्ट गुंडाळून हीट टेप लावा. वरून एक कोरा कागद घ्या, म्हणजे प्रेसच्या तापणाऱ्या पट्टीला शाई लागत नाही.

आता खरी गोष्ट. व्हिडिओत जो तो तापमान आणि सेकंद सांगतो. कोणी 180 अंश म्हणतो, कोणी 200. सुरुवातीला 180 अंश आणि 180 सेकंद ठेवा, पुढे आपल्या मशीनप्रमाणे बदला. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण डिस्प्लेवरचा आकडा पट्टीतल्या सेन्सरचा असतो, मगाच्या पृष्ठभागाचा नव्हे. मला सगळ्यात जास्त छळलं ते दाबानं, आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही.

प्रेस थंड असताना कोरा मग आत ठेवून दांडा ओढा. शेवटच्या टप्प्यात तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी बंद होत असेल तर स्क्रू आवळा. बंद झाल्यावर मगाचा कान धरून फिरवून बघा, मग जागचा हलता कामा नये. पण अंगात आल्यासारखा स्क्रूही पिळू नका. मग तडकतो, पट्टीही लवकर जाते.

दाब बरोबर असूनही मधेच फिकट पट्टा येतो, तेव्हा दोष मगाचा असतो. स्वस्त मग पोटाशी किंचित बाकदार निघतात. स्टीलची मोजपट्टी मगावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मोजपट्टी आणि मग यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली तर तो मग छपाईच्या कामाचा नाही. मगाच्या कानाजवळ प्रेसची पट्टी नीट टेकत नाही, म्हणून तिथून बोटभर जागा सोडूनच चित्र लावा. चेहरा तर त्या बाजूला कधीच नको.

दुसरा शत्रू कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, कूलरशिवाय दुकानात बसवत नाही हे मान्य. पण त्या ओल्या झोतात ठेवलेला कागद दमट होतो, प्रेसमध्ये त्याचं पाणी सुटतं आणि चित्रावर ढगासारखे डाग पडतात. शिवाय झोताकडची बाजू गार पडते. कागद झिपच्या पिशवीत ठेवा, प्रेस झोताबाहेर मांडा, आणि कागदाच्या कडा वळलेल्या दिसल्या तर गुंडाळण्याआधी तो तापलेल्या प्रेसजवळ थोडा वेळ धरा. लोक याला शाईचा दोष समजून महागडी शाई आणतात.

थंड मग आत गेला की तापमान खाली येतं. ते पुन्हा चढल्यावरच वेळ मोजा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ते चढायला फारच रेंगाळतं, त्यामुळे घाईची ऑर्डर मी सकाळी उरकतो.

वेळ संपली की हातमोजे घालून मग बाहेर काढा आणि टेप सोडवून कागद एका झटक्यात ओढा. तो सरकला तर अक्षरांना सावली येते. गरम मग गार पाण्यात बुडवा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. लाकडी फळीवर पंख्याखाली ठेवला तरी तो निवतो. रंग कच्चे, धुरकट दिसले तर ताप किंवा वेळ कमी पडला. कडा पसरून काळा रंग तपकिरी झाला असेल तर जास्त झाला.

भुसावळहून रेल्वेतल्या कुणाच्या निवृत्तीची मोठी ऑर्डर आली, तर एकच वेळ शेवटपर्यंत चालवू नका. तव्यावर पहिल्या कळण्याच्या भाकरीला वेळ लागतो, पुढच्या पटापट निघतात, तसंच इथे होतं. पाच-सहा मग झाले की 10 सेकंद कमी करा, निघालेला मग पहिल्या मगाशेजारी ठेवून काळा रंग ताडून बघा, आणि मगच पुढचा लावा.