युद्धावरचे तज्ज्ञ ऐकताना या चुका टाळा

तज्ज्ञावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा एकच शिक्का मारणे, ही सगळ्यांत मोठी चूक.

युक्रेनचेच घ्या. २०२२च्या सुरुवातीला अमेरिकी गुप्तचर यंत्रणा सांगत होत्या, रशिया हल्ला करणार. जर्मनी-फ्रान्समधल्या अनेक जाणकारांना ते पटत नव्हते. एवढ्याशा फौजेच्या बळावर एवढा मोठा देश ताब्यात ठेवता येत नाही, मग पुतिन त्या फंदात कशाला पडतील? २४ फेब्रुवारीला हल्ला झाला, तेव्हा जर्मन गुप्तचर संस्थेचे प्रमुख ब्रुनो काल हे युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्येच होते. त्यांना तिथून बाहेर काढावे लागले.

मग अमेरिकन शहाणे आणि युरोपीय खुळे? तसेही नाही. कीव्ह काही दिवसांत पडेल, हा अंदाजही वॉशिंग्टनचाच. आणि मार्चअखेर रशियाच तिथून मागे फिरू लागला. हे साहस झेपणार नाही, हा युरोपीयांचा हिशेब खरा निघाला. झेपणार नाही म्हणून कुणी करणार नाही, इथे ते फसले.

म्हणून आधी प्रश्न सुटे करा: नेता काय ठरवेल, सैन्याला काय जमेल, दोष कुणाचा. तिन्हींत पारंगत माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअरशायमर यांच्याबाबत ही गल्लत हमखास होते. नाटोच्या विस्ताराने रशिया बिथरतो, हे ते २०१४पासून सांगत आले, म्हणून चाहते त्यांना द्रष्टे मानतात. पण २०१५च्या व्याख्यानात त्यांनीच म्हटले होते की, युक्रेन जिंकायला निघण्याइतके पुतिन खुळे नाहीत. (पुतिनना सगळा देश जिंकायचाच नव्हता, असे ते आता म्हणतात.) कारणमीमांसा पटली तरी भाकीत वेगळे तपासा.

आकड्याला भुलू नका असे म्हणतात, ते खरेच. एप्रिल २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी ८.५ टक्के आक्रसेल असे म्हटले. घट एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली. तरी मला हा चुकलेला आकडा आवडतो, कारण तो तपासता आला. ‘रशिया लवकरच कोसळेल’ यातल्या ‘लवकरच’चे काय करायचे?

नेत्यांच्या बाबतीत तर सगळेच नंतर शहाणे होतात. २५ फेब्रुवारीला झेलेन्स्की सहकाऱ्यांसह कीव्हच्या रस्त्यावरून बोलले आणि कालचा विनोदी नट एका रात्रीत धीरोदात्त ठरला. महिनाभरापूर्वी हेच झेलेन्स्की पाश्चात्त्यांना ‘घबराट पसरवू नका’ म्हणत होते.

आपल्या वाहिन्यांवरचे निवृत्त सेनाधिकारी तोफा, रसद, नद्या यांवर बोलतात तेव्हा जरूर ऐका. निवेदकाने ‘पुतिन यांच्या मनात काय?’ विचारले की चहा टाकायला उठा.

आणि भाकीत ऐकले की तारखेसकट वहीत लिहा. माझ्या वहीत मे २०२३ची नोंद आहे: ‘युक्रेन उन्हाळ्यात अझोव्ह समुद्र गाठणार.’ फौजा दक्षिणेतल्या रोबोतिने गावाच्या पुढे फारशा सरकल्या नाहीत. कोण म्हणाले होते, ते मात्र लिहायचे राहिले.